शेषची बहीण

मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. या अनुभवातून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. व्याख्याने आणि माहितीपत्रके यांवर ते थांबले नाहीत. त्यांच्याच पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. अतुल कुलकर्णींनी साकारलेला स्किझोफ्रेनियाग्रस्त शेष प्रेक्षकांच्या मनात राहिला. माझ्या मते मात्र चित्रपटाचे मोठे काम सोनाली कुलकर्णींच्या सीनाने केले. भावाला कोकणातून आपल्या घरी आणणारी ही बहीण त्याच्यावर माया करते आणि त्याच्यापायी दमूनही जाते. रुग्णाची लक्षणे केस पेपरवर लिहिली जातात, पण घरातल्यांची अपुरी झोप, चिडचिड, चिडल्याची बोच हे कुठे नोंदलेच जात नाही. दीर्घ आजारात औषधाच्या वेळा घरातलेच माणूस सांभाळते. ते कोसळले तर उपचारही कोसळतो. म्हणून त्याचे दुःख पडद्यावर दिसणे हा आजाराच्या उपचाराशी थेट जोडलेला प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घरातले आजारपण चव्हाट्यावर आणण्याचा हक्क कुणाला? ज्याच्याविषयी लिहायचे त्याची संमती घेण्याजोगी स्थिती अनेकदा नसते. ‘देवराई’ने यावर काढलेली वाट मला फार मोलाची वाटते. कॅल्गरीतल्या पती-पत्नीची कहाणी तिथे नाहीच; आहेत ते कोकणातले बहीण-भाऊ. प्रसंग बदलले, नाते बदलले, थकवा मात्र खरा राहिला. दुसरा आक्षेप असा की अशा कलाकृती आजाराला प्रतिभेचे वलय देतात. काही देतातही, आणि ते रुग्णाच्या घरच्यांवर अन्याय करणारे आहे. पण स्मृतिभ्रंशावरच्या ‘अस्तु’ चित्रपटात भावे-सुकथनकर जोडीने दाखवलेले संस्कृत पंडित पाहा. त्यांची विद्वत्ता मुलीची ओढाताण जराही हलकी करत नाही.

घरच्यांच्या थकव्याची ही गोष्ट मानसिक आजारांपुरती नाही; रायपूरसारख्या शहरालाही ती लागू पडते. छत्तीसगड आणि विदर्भ हे दोन्ही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या पट्ट्यात येतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि ते वाहक असण्याची ५० टक्के. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेमुळे तपासणीला जोर आला, ते आवश्यकच होते. परंतु रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एखाद्या घरात मुलाला वेदनेचा झटका येतो तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. तो शाळा बुडवतो म्हणून नातलग त्याला आळशी ठरवू शकतात आणि दोष सुनेच्या माहेरावर ढकलू शकतात. आजार दोघांकडून येतो हे पत्रक एका ओळीत सांगते. पण ती ओळ सासूच्या तोंडावर म्हणायचे बळ पत्रकातून येत नाही. ते रंगमंचावरच्या एखाद्या सुनेकडून येऊ शकते. याच शहरात जन्मलेल्या रंगकर्मी हबीब तनवीरांनी ‘नाचा’ या लोकनाट्याचे गावाकडचे कलावंत आधुनिक रंगभूमीवर आणले. त्या कलावंतांनी आपल्याच बोलीत गंभीर गोष्टी हसतखेळत मांडल्या आणि जगभरच्या प्रेक्षकांनी त्या ऐकल्या. सिकलसेलच्या घराची गोष्ट सांगायला याहून जवळचा नाट्यप्रकार रायपूरला शोधावा लागणार नाही. फक्त ती लिहिताना मुलाच्या दुखण्याइतकीच जागा रात्रभर त्याचे पाय चेपणाऱ्या आईला मिळायला हवी.