शालान्त परीक्षेनंतर मोटारविद्या

पुणें-सोलापूर हमरस्त्याच्या कडेला ज्यांचें बालपण जातें, त्यांस मोटारीची ओळख निराळी करून द्यावी लागत नाहीं. पाटसच्या मुलास अक्षरें नीट वळण्यापूर्वीं ट्रक कोणता, टेंपो कोणता, एस्. टी. कोणत्या आगाराची, हें कळूं लागतें. हंगाम सुरू झाला म्हणजे उंसानें भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग पाहत तो शाळेस येतो. तेव्हां दहावीच्या वर्गांत ‘पुढें काय होणार?’ असें विचारलें असतां पुष्कळ मुलें मोटारीच्या धंद्याचें नांव घेतात, यांत नवल नाहीं. परंतु ‘त्यासाठीं काय शिकणार?’ हा दुसरा प्रश्न येतांच वर्ग स्तब्ध होतो.

पालकांची स्थितीहि फारशी निराळी नसते. कोणी म्हणतात, ‘सर, पोराला अभ्यास झेपत नाहीं, घालतों कुठल्यातरी गॅरेजमध्यें.’ कोणी म्हणतात, ‘हात काळे करायचे होते तर एवढें शिकविलें कशाला?’ हीं मतें एकमेकांच्या उलट दिसतात. पण दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे. मोटारीचें काम हाताचें, त्यास डोकें व शिक्षण लागत नाहीं, असें दोघेहि धरून चालतात. ही समजूत कितपत खरी आहे तें पाहावें व शालान्त परीक्षेनंतर कोणते मार्ग मोकळे आहेत हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एंजिनाकडेच पाहूं. सिलिंडरमध्यें दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखालीं होत असतो. तो प्रथम खालीं येतो व हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढून घेतो. नंतर वर जाऊन तें दाबतो. मग ठिणगी पडून मिश्रण पेटतें व तापलेला वायु दट्ट्यास जोरानें खालीं ढकलतो. शेवटीं दट्ट्या वर जातांना जळालेला वायु बाहेर घालवितो. या चार क्रियांत क्रँक दोनदां फिरतो. म्हणजे मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या एंजिनाच्या एका सिलिंडरांत मिनिटास १५०० वेळां, सेकंदास २५ वेळां, ठिणगी पडावी लागते, व तीहि अगदीं नेमक्या क्षणीं. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसते. तेथें हवा इतकी दाबली जाते कीं तिचें आकारमान सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यावर येतें; त्या दाबानेंच ती एवढी तापते कीं आंत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं असें एंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. वायूचा दाब, आकारमान व उष्णता यांचें नातें तुम्ही विज्ञानाच्या तासास शिकतां. येथें तेंच नातें ट्रक ओढतें.

आतां ब्रेक घ्या. पायाखालच्या लहान दट्ट्यावर दिलेला दाब नळींतील द्रवांतून चाकांपर्यंत जसाच्या तसा पोंचतो व तेथील मोठ्या दट्ट्यावर अधिक जोर उत्पन्न करतो. हा पास्कलचा नियम. पण गणिताचा खरा धडा पुढेंच आहे. गाडीचा वेग तासास ४० किलोमीटरवरून ८० वर गेला म्हणजे ती थांबविण्यास लागणारी शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपट होते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ब्रेक दाबल्यानंतर कापलें जाणारें अंतरहि सुमारें चौपट होतें. ज्यानें हें गणित वहींत एकदां मनापासून सोडविलें आहे, तो ब्रेकची गळती पाहून ‘चालेल’ म्हणणार नाहीं.

विजेचेंहि तसेंच. बारा व्होल्टच्या बॅटरीवर साठ वॅटचा दिवा लावला तर तारेंतून पांच अँपियर प्रवाह वाहतो. हा हिशोब सातव्या-आठव्या इयत्तेंतील भागाकाराचा आहे. तो ज्यास येत नाहीं तो मिस्त्री फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्याच्या जागीं जाड तार गुंडाळून देतो. दिवा लागतो, गिऱ्हाईक संतुष्ट होतें. आणि एखाद्या रात्रीं दोष असलेली तार तापून गाडी पेटते. मोटारदुरुस्तीच्या कामांत अर्धवट ज्ञानाची किंमत बहुधा दुसऱ्यास, गाडींत बसलेल्या निरपराध माणसास, द्यावी लागते. हा धंदा डोक्याविना होत नाहीं असें आम्ही म्हणतों तें याचकरितां.

आपल्या प्रांतांत ज्यांनीं यंत्रोद्योग उभा केला त्यांचीं चरित्रें हेंच सांगतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकण्यास गेले होते. रंगांतील भेद डोळ्यांस नीट ओळखतां येत नाहीं असें आढळल्यावर त्यांनीं रंग सोडले, पण रेखांकन सोडलें नाहीं. यंत्रांचीं चित्रें काढण्यांत ते प्रवीण झाले व तोच विषय शिकवूंहि लागले. १८८८ सालीं त्यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, पुढें लोखंडी नांगर केला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांत ज्यांच्या नांवाचें वालचंदनगर आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली.

याहून बोधप्रद गोष्ट टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची. १९६६ च्या सुमारास पिंपरी-चिंचवड येथें या कंपनीच्या नव्या कारखान्यास आरंभ झाला. सुमंत मुळगांवकर हे त्या कार्याचे सूत्रधार होते. तेथून पहिली मालमोटार मात्र १९७७ सालीं बाहेर पडली. मधल्या वर्षांत यंत्रें घडविणारीं यंत्रें व साचे तयार करण्याचीं खातीं उभीं राहत होतीं, आणि तरुण उमेदवारांस शिकवून तयार केलें जात होतें. गाड्यांची घाई न करतां त्यांनीं आधीं माणसें घडविलीं. पुढें १९९४ सालीं निघालेल्या ‘सुमो’ गाडीस मुळगांवकरांच्याच नांवांतील व आडनांवांतील आद्याक्षरें जोडून नांव देण्यांत आलें, हें तुमच्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

आतां मार्गांचा विचार करूं. ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आय. टी. आय. चा. दहावी उत्तीर्ण झाल्यावर ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा किंवा ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतां येतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचाहि स्वतंत्र अभ्यासक्रम आतां निघाला आहे. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेडहि मोटारीच्या कारखान्यांत तितकेच उपयोगी पडतात. ज्या मुलाचे हात चपळ आहेत, ज्यास घरची स्थिति पाहतां लवकर मिळवितें व्हावयाचें आहे, त्यास हा मार्ग उत्तम. आय. टी. आय. नंतर कारखान्यांत उमेदवारी करावी. १९६१ च्या उमेदवारीविषयक कायद्यानें तिची व्यवस्था लावून दिली आहे. या काळांत विद्यावेतन मिळतें व शेवटीं परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतें. पालकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. हा मार्ग पुढें बंद होत नाहीं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्यास तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो.

दुसरा मार्ग तंत्रनिकेतनाचा. दहावीनंतर तीन वर्षांत पदविका मिळते. पुण्याचें शासकीय तंत्रनिकेतन १९५७ पासून हें कार्य करीत आहे. ऑटोमोबाइल हीच शाखा मिळाली पाहिजे असा हट्ट धरूं नये. यंत्र, वीज व इलेक्ट्रॉनिक्स या शाखांचे पदविकाधरहि मोटारींच्या कारखान्यांत लागतात. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश घेतां येतो. शिवाय परिवहन खात्यांतील सहायक मोटार वाहन निरीक्षकाची जागा ऑटोमोबाइल किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या तीन वर्षांच्या पदविकेवर मिळूं शकते. तिची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. दौंड तालुक्यांतील गाड्यांवर ‘एम्. एच्. ४२’ हीं अक्षरें घालणारें बारामतीचें कार्यालय तुम्हीं पाहिलें असेल. तेथें गाड्या तपासणारे अधिकारी याच वाटेनें जातात.

तिसरा मार्ग बारावी विज्ञान, सामायिक प्रवेश परीक्षा व चार वर्षांची पदवी. ज्यास गणितांत रस आहे व नवीन यंत्राची रचना करण्याची हौस आहे त्यानें हा धरावा. पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचें. मोटारींच्या चाचण्या घेणारी ए. आर. ए. आय. ही संस्थाहि १९६६ सालीं पुण्यांतच स्थापन झाली. परंतु केवळ शेजाऱ्याचा मुलगा इंजिनियर झाला म्हणून, आवड व तयारी नसतां, आपल्या मुलास या मार्गावर ढकलणें हें त्याच्या चार वर्षांचें व घरच्या पैशाचें नुकसान आहे.

हें सर्व मुलींसहि लागू आहे. १९७४ सालीं टेल्कोच्या एका जाहिरातींत ‘स्त्रियांनीं अर्ज करूं नयेत’ अशा आशयाची सूचना होती. ती वाचून सुधा कुलकर्णी या तरुण अभियंत्या विद्यार्थिनीनें जे. आर. डी. टाटा यांस पोस्टकार्ड लिहून हा अन्याय निदर्शनास आणला. कंपनीनें त्यांस मुलाखतीस बोलाविलें व नोकरी दिली. त्याच पुढें सुधा मूर्ति या नांवानें प्रसिद्ध झाल्या. आज मोटारीच्या कारखान्यांत मुली सर्रास काम करतात. तेव्हां मुलीनें विज्ञानाच्या तासास मोटारीविषयीं प्रश्न विचारला तर हसण्याचें कारण नाहीं.

मार्ग सांगितले, तसे खांचखळगेहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. शिरूर तालुक्यांत रांजणगांवला फियाट इंडियाचा कारखाना आहे, बारामतीस पियाजियोचा, चाकणला बजाज व इतर अनेकांचे. हे पाहून कारखाना म्हणजे जन्माची भाकरी असें कोणी समजूं नये. पुष्कळ जागा कंत्राटी असतात. शिवाय मोठा कारखानाहि बंद पडतो. तळेगांवच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यांतील उत्पादन डिसेंबर २०२० मध्यें थांबलें. आकुर्डीची गोष्ट तर अधिक विचार करण्याजोगी आहे. १९७२ पासून ज्या ‘चेतक’ स्कूटरनें घरोघर स्थान मिळविलें, ती बनविणाऱ्या आकुर्डीच्या कारखान्यांत दुचाकींचें उत्पादन २००७ सालीं बंद झालें. आणि २०२२ सालीं त्याच आवारांत विजेवर चालणाऱ्या नव्या चेतकचा कारखाना सुरू झाला. नांव तेंच, जागा तीच. पण आंत ना पिस्टन, ना झडपा, ना पेट्रोलची टाकी. ज्यानें केवळ जुन्या स्कूटरचे स्क्रू पाठ केले होते त्याची विद्या संपली. ज्यास मापन, वीज व यांत्रिक तत्त्वें कळलीं होतीं त्यास नवें शिकणें सुलभ गेलें.

जुन्या एंजिनांतहि बदल झालेच आहेत. १ एप्रिल २०२० पासून ‘बी. एस. ६’ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. आजचा मिस्त्री एंजिनाचा आवाज ऐकतो तसाच संगणकावर दोषांचे संकेतहि वाचतो. विजेच्या मोटारींत तर शेंकडों व्होल्टचा दाब असतो. तेथें शिक्षणावांचून हात घालणें म्हणजे प्राणाशीं गांठ. नववींतून शाळा सोडून गॅरेजमध्यें गेलेला मुलगा चार वर्षांत हुशार हेल्पर होतो, हें खरें. परंतु वायरिंगचा नकाशा किंवा कंपनीचें इंग्रजी पुस्तक समोर आलें कीं तो अडतो, व जन्मभर दुसऱ्याच्या सांगण्यावर पाने फिरवीत राहतो. दोष त्याच्या हाताचा नसतो; दोन वर्षें आधीं सोडलेल्या शाळेचा असतो.

मग आजच काय करावें? गणित व विज्ञान हे विषय केवळ गुणांसाठीं वाचूं नका. इंग्रजीचे तांत्रिक शब्द जमवून वहींत लिहीत जा. रेखांकनाचा हात बसवा. घरच्या सायकलची साखळी, पंपाची मोटर, वडिलांच्या ट्रॅक्टरचें तेल बदलणें, हीं कामें वडील माणसांच्या देखरेखीखालीं समजून घ्या. प्रयोगशाळेंतील मायक्रोमीटर मागून घेऊन मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजून पाहा. मात्र गाडी चालविण्याची घाई करूं नका. गिअरच्या मोटारसायकलचा व मोटारीचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. गाडी पळवितां येणें ही मोटारविद्या नव्हे.

पालकांस एवढीच विनंती कीं, जून महिन्यांत घाईनें निर्णय घेण्यापेक्षां आजपासून मुलाकडे लक्ष द्यावें. बिघडलेली वस्तु तो उलगडून ठेवून देतो, कीं पुन्हां जोडून चालूं करतो? हिशोब टाळतो, कीं त्यांत रमतो? त्याप्रमाणें वरील तिहींपैकीं मार्ग ठरवावा; तिन्ही सन्मानाचेच आहेत. आणि कोणताहि ठरविला तरी दहावीपूर्वीं त्यास शाळेंतून काढूं नये. या हमरस्त्यानें उद्यां कसल्या गाड्या धांवतील हें कोणास सांगतां येणार नाहीं. पण त्यांच्या ब्रेकवर विसंबून आपलींच माणसें प्रवास करतील. तो ब्रेक दुरुस्त करणारा आपला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांस तें काम पुरें समजलेलें असावें.