ग्रामसभेला का जायचं?

गावातला दिवाबत्तीचा खांब, नळाचं पाणी, अंगणवाडीची दुरुस्ती हे विषय मुंबईला मंत्रालयात ठरत नाहीत. ते गावातच, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ठरतात. या आराखड्याला मंजुरी देते ती ग्रामसभा. म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेले सगळे. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. शिवाय ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते.

गणपूर्ती फार मोठी नाही: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल ती. तेवढीही माणसं जमली नाहीत, तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग हजर असलेले मूठभर लोक गावभराचा निर्णय घेतात आणि तो कायदेशीर असतो! घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवडही इथेच होते.

लोक जमले तर काय घडतं, ते गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. ग्रामसभेने धीर सोडला नाही. अखेर २०११ मध्ये परवाना देण्याचे अधिकारच तिच्या हाती आले. माझ्या मते स्थानिक स्वराज्याचा याहून लखलखीत दाखला महाराष्ट्रात नाही.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की विषयपत्रिका वाचा, घरातल्या बायामाणसांनाही सोबत न्या आणि जमाखर्चाचा हिशेब मागा.