फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

जुनी पिकअप घेऊन रात्री भाजी मार्केटला निघणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. घाटातच मागचे दिवे जातात आणि मागून येणाऱ्या ट्रकला गाडी दिसत नाही. जादा फ्यूज जवळ नसतो. मग कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवतो. दिवे लागतात खरे, पण धोका आता वाढलेला असतो.

कारण फ्यूज मुख्यतः वायरला जपण्यासाठी असतो. पात्याचा लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५चा, पिवळा २०चा, हिरवा ३०चा. लालच्या जागी हिरवा लावला आणि कुठे शॉर्ट झाले, तर फ्यूज शाबूत राहून वायरच तापते. तिच्या शेजारच्या वायरींचेही प्लॅस्टिक वितळते, कधी गाडी पेट घेते.

फ्यूज केव्हा उडतो, हे आधी पाहावे. काही वेळाने उडत असेल तर बहुधा भार जास्त आहे. ५५ वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात. हौसेने १०० वॉटचे बल्ब बसवले की तेच १६च्या पुढे जातात. स्विच दाबताक्षणी उडाला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे असे समजा.

ती जागा शोधायला फ्यूज जाळत बसू नये. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्यावा, त्याच्या दोन वायरी फ्यूजच्या जागी जोडाव्यात. त्या लाइनवरचे मागचे बल्ब काढून स्विच चालू करावा. आपला बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. मंद पेटला तर डॅशबोर्डचा एखादा छोटा दिवा वीज घेत असेल. आता वायर एकेका ठिकाणी हलवत जावे. चेसिसवरच्या क्लिपा, हौद्याखालचा भाग, नंतर बसवलेल्या टेप-हॉर्नचे जोड ही नेहमीची ठिकाणे. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो, तिथेच वायर सोललेली सापडते. दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल मात्र काढावी.

फ्यूज चांगला असून दिवे मंद लागत असतील, किंवा इंडिकेटर दिल्यावर मागचा लाल दिवाही लुकलुकत असेल, तर अर्थ पाहावा. बहुतेक वेळा गंजलेला एक स्क्रू पॉलिशपेपरने घासून घट्ट केला की काम भागते.