पंचांगाबाहेरचे सण

तळकोकणातली दिवाळी पंचांगातल्याच दिवशी येते. नरकचतुर्दशीच्या, म्हणजे चावदिसाच्या, पहाटे तुळशीवृंदावनापुढे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मग पोहे खायला बसायचं. गुळाचे, ताकातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे. चावदिसाचे पोहे एका घरात खाऊन भागत नाही, शेजारपाजार करावा लागतो. इथवर सगळं ठीक. पण भात कापून, झोडून घरात आलं आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेची देवदिवाळी झाली, की सिंधुदुर्गातल्या बऱ्याच गावांचं वेळापत्रक बदलतं. पुढची तारीख छापील पानावर मिळत नाही. ती देवाला विचारावी लागते.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आंगणेवाडीचं. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावची ही वाडी. भराडी देवीच्या जत्रेला आज लाखोंची गर्दी होते, रेल्वे खास गाड्या सोडते, पुढाऱ्यांच्या स्वागत-कमानी पार मालवण-कणकवलीपर्यंत जातात. इतक्या मोठ्या जत्रेला ठरलेली तिथी मात्र नाही. देवदिवाळीनंतर आंगणे मंडळी देवीपुढे बसतात, डाळप नावाचा विधी होतो, देवीच्या आज्ञेनं पारधीला जातात, आणि हे सगळं मनासारखं पार पडलं की मग दिवस ठरतो. तो मागे घेता येत नाही की पुढे ढकलता येत नाही. वाडीतल्या घरोघरच्या बायका त्या दिवशी एक शब्द न बोलता देवीचा प्रसाद रांधतात. बाहेर कर्णे आणि घोषणांचा कहर चालू असतो आणि आत चुलीशी मुकाट काम. मला त्या गर्दीपेक्षा ही अबोल स्वयंपाकघरं जास्त मोलाची वाटतात. टीव्हीवर मात्र दिसतात त्या कमानी.

विचारायचं ते कसं? त्याला कौल घेणं म्हणतात. पद्धत गावागणिक वेगळी, पण गाभा एकच. गुरव देवाच्या मूर्तीला किंवा पाषाणाला पाण्यानं भिजवलेल्या पाकळ्या, कुठे पानांचे कातरलेले तुकडे, तर कुठे तांदळाचे दाणे लावतो. उजवी बाजू होकाराची, डावी नकाराची. मग गाऱ्हाणं सुरू होतं. गाऱ्हाणं घालणारा देवाला अदबीनं हाक मारतो, पण अडचण रोखठोक मांडतो: अमक्याचं लग्न अडलंय, तमक्याची गाय दूध देत नाही, वाडीत दोन फळ्या पडल्यात, काय तो निकाल दे. प्रत्येक मागणीगणिक भोवतालची मंडळी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग सगळे गप्प. नजर त्या ओल्या पाकळ्यांवर. एखादी सुकत सुकत सैल होते, कडेनं उचलली जाते, लोंबते आणि पडते. उजवी पडली तर सुटले. डावी पडली तर प्रश्न बदलून पुन्हा विचारायचं. आणि काहीच पडलं नाही तर बसून राहायचं. कधी तासभर, कधी त्याहून जास्त.

हे बसून राहणं मला महत्त्वाचं वाटतं. बाहेरून येणाऱ्याला कौल म्हणजे नाणेफेक वाटते. पण त्या अवधीत देवळाच्या मंडपात काय चाललेलं असतं ते पाहावं. पाकळी सुकेपर्यंत भाऊबंद एकमेकांच्या कानाला लागतात, एखादा म्हातारा जुनी हकिकत काढतो, कुणीतरी कुणाला बाजूला घेऊन समजावतो. दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा प्रश्नाचे शब्द थोडे निवळलेले असतात. पाकळी ओलावा सुकला म्हणून पडते, हे गुरवालाही कळतं. पण कुठला प्रश्न विचारायचा, यावर तोवर गावाचं एकमत झालेलं असतं.

या सगळ्या व्यवस्थेला तळकोकणात गावऱ्हाटी म्हणतात. सातेरी, माउली, रवळनाथ, वेताळ ही दैवतं आणि त्यांच्याभोवती बारा-पाचाचे मानकरी: गावकर, घाडी, राऊळ, गुरव आणि बाकीचे. सातेरीची मूर्ती कित्येक ठिकाणी नाहीच, वारुळाचीच पूजा. दसऱ्याला तरंग निघतात, म्हणजे लुगडी नेसवलेल्या उंच काठ्या. त्या खांद्यावर घेऊन नाचवायचा मान ठरलेल्या घराण्यांचा. असेच तरंग गोव्यात पेडण्यालाही दिसतात, आणि त्यात नवल नाही. पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी तो मुलूख सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा होता. राज्यं बदलत राहिली. मालवणचा सिंधुदुर्ग 1664 ला शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, 1765 ला तो इंग्रजांनी जिंकला, परत करवीरकरांकडे आला, 1812 च्या तहानं मालवण पुन्हा इंग्रजांकडे. सावंतवाडी संस्थान 1948 ला विलीन झालं. खोती 1949 च्या कायद्यानं गेली. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1981 ला. या उलथापालथीत होळीचा पहिला नारळ कुणाचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीनं तितक्याच हिरिरीनं विचारला.

गावऱ्हाटीचे गोडवे गाणारं लिखाण पुष्कळ आहे. त्यात एक गोष्ट सहसा येत नाही. मान ज्याच्या वाट्याला आला त्याला गावऱ्हाटी गोड. ज्यांच्या वाट्याला फक्त राबणं आलं, ज्यांनी देवळाच्या पायरीखाली उभं राहून वाजवायचं, त्यांची हकिकत वेगळी. 1956 च्या धर्मांतरानंतर कोकणातल्या अनेक बौद्ध कुटुंबांनी ही कामं सोडून दिली, आणि योग्यच केलं. मानावरून भाऊबंदांत खटले उभे राहिले, पालख्या वर्षानुवर्षं देवळातच राहिल्या, शिमग्याला पोलीस बंदोबस्त लागला, हेही याच परंपरेत मोडतं. देवानं दिलेला कौल काही वेळा दिवाणी न्यायालयात जाऊन फिरवून आणावा लागतो.

तरीही या पद्धतीचं सगळ्यात थक्क करणारं रूप म्हणजे गावपळण. मालवण तालुक्यातलं आचरा हे खाडीकाठचं मोठं, बाजारपेठेचं गाव. काही वर्षांच्या अंतरानं ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, मांजरंसुद्धा बरोबर. दुकानं बंद, शाळा बंद. वेशीपलीकडे माळावर, नदीकाठाला खोपी उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, गळानं मासे पकडले जातात, रात्री भजनं रंगतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देव हो म्हणाला तर परतायचं, नाही तर मुक्काम वाढवायचा. शेजारच्या चिंदरलाही गावपळण होते. वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यात ती दरवर्षी होते.

का पळतात? गावातली जुनी माणसं सांगतात, त्या दिवसांत गाव देवाचा आणि त्याच्या गणांचा, भुताखेतांचा. माणसानं तिथे थांबू नये. शिकलेली माणसं साथीच्या रोगाकडे बोट दाखवतात. प्लेगमध्ये, 1896 नंतर, महाराष्ट्रातली गावंच्या गावं रानात झोपड्या बांधून राहिली, हे खरंच आहे. पण प्लेगच्या भीतीनं पळणारा माणूस कौलाची वाट पाहत नाही, आणि साथ काही तीन दिवसांत आटोपत नाही. त्यामुळे हा खुलासा मला फार सोयीचा वाटतो. श्रद्धेला विज्ञानाचा कोट चढवला की आपल्याला बरं वाटतं, इतकंच. मला दिसतं ते असं: चिरेबंदी घराचा मालक आणि त्याच्या बागेत कामाला येणारा गडी, दोघंही तीन रात्री झावळ्यांच्या खोपीत झोपतात, आणि घराला कुलूप लावून गेलेल्या गावाची राखण कोण करतो, तर राखणदार.

हा राखणदार, काही गावांत देवचार, म्हणजे तळकोकणातला सगळ्यात ओळखीचा अदृश्य माणूस. रात्री हातात काठी घेऊन हद्दीवर फिरतो. त्याला रोट, नारळ, कोंबडा आणि हौसेनं विडीही लागते. वेताळाला वहाणा वाहायची रीत आहे, आणि फिरून फिरून त्या झिजतात असं सांगतात. चुकलेल्या वाटसरूला राखणदार वाट दाखवतो. हद्दीत वाईट वागणाऱ्याला रात्रभर एकाच कुणग्यात गोल फिरवतो. अशी एकही गोष्ट न सांगणारं घर मालवणी मुलखात सापडणं अवघड.

भात घरात आल्यानंतरच्या याच हंगामात जत्रा सुरू होतात आणि दशावतारी कंपन्या गावोगाव फिरू लागतात. आधी आडदशावतार: गणपती, सरस्वती, मग ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा, लोकांच्या अंगावर धावून जाणारा संकासुर. मग आख्यान. छापील संहिता नाही. कथा ठरते, संवाद तिथल्या तिथे. पायपेटी, मृदुंग आणि झांज एवढ्यावर रात्र निघते. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, हे या कलावंतांनीच स्वतःबद्दल म्हणून ठेवलंय. पूर्वी रंगाच्या पेट्या डोक्यावर घेऊन ते पुढच्या गावची वाट धरायचे. आता टेम्पो आहे. शेवट अजूनही पहाटेच्या दहीकाल्यानंच होतो.

मुंबईच्या चाकरमान्याची या सगळ्यात वेगळीच पंचाईत. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि गाव एका रात्रीवर आलं, पण रजेचा अर्ज मात्र तारीख मागतो. गणपतीची वर्षभर आधी कळते. आंगणेवाडीची, गावपळणीची कळत नाही. दिवाळी झाली तरी भराडीचा दिवस ठरलेला नसतो. तो जाहीर झाला की काही मिनिटांत व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि दुपारपर्यंत कुडाळ-कणकवलीच्या आरक्षणाची प्रतीक्षायादी लागलेली असते.