कीटकनाशक फवारणीचे नियमन

कीटकनाशक फवारणीचे नियमन : विषारी कीटकनाशके हाताळणाऱ्या व फवारणाऱ्या व्यक्तींस आणि फवारलेले अन्न खाणाऱ्यांस अपाय होऊ नये म्हणून केलेली वैधानिक व्यवस्था. भारतात तिचा उगम एका दुर्घटनेत आहे. १९५८ मध्ये केरळ व तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑनाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. न्या. जे. सी. शाह यांच्या आयोगाने चौकशी केली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशके अधिनियम संमत झाला व त्याखालील नियम १९७१ मध्ये करण्यात आले.

अधिनियमानुसार नोंदणी समितीकडे नोंद झाल्याखेरीज कीटकनाशक आयात वा तयार करता येत नाही. उत्पादन व विक्री यांस परवाना लागतो. वेष्टनावर कर्णावर उभा केलेला चौरस छापतात. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवितो. तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्रायोगिक प्राणी मारणारी मात्रा शरीरवजनाच्या दर किग्रॅ.ला ५० मिग्रॅ.पर्यंत असल्यास लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा व त्यापुढे हिरवा रंग असतो. हिरवा रंग निर्धोकपणाची ग्वाही देत नाही. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो.

संरक्षक कपडे, वैद्यकीय तपासणी व कामगारांचे प्रशिक्षण यांविषयी नियमांत तरतुदी आहेत. घरे, गोदामे इत्यादींत व्यवसाय म्हणून कीडनियंत्रण करणाऱ्यास विज्ञान वा कृषी शाखेची पदवी, मान्य संस्थेतील प्रशिक्षण व परवाना आवश्यक असतो. मात्र कलम ३८ अन्वये स्वतःच्या घरासाठी, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत केलेल्या वापरास अधिनियम लागू होत नाही. परिणामी देशातील सर्वांत मोठा वापरकर्ता, म्हणजे शेतकरी, प्रमाणपत्राच्या अटीबाहेर राहिला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ च्या दुरुस्तीने निर्बंधित कीटकनाशके प्रमाणित व्यक्तीने किंवा तिच्या देखरेखीखालीच वापरावीत असे ठरले. शेतकरीही त्यातून सुटला नाही.

या उणिवेचे गांभीर्य २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात तुषार चेहऱ्यावर व छातीवर येतात, आणि ऑर्गॅनोफॉस्फेटे घामेजल्या त्वचेतूनही शरीरात शिरतात. वेष्टनासोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे व उतारा दिलेला असतो; परंतु ते कीटकनाशक विकत घेणाऱ्याच्या हाती पडते, पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या हाती पडतेच असे नाही.