आधी भिंत, मग मोझॅक

रीलमध्ये सगळं चाळीस सेकंदांत होतं. पांढरा शर्ट घातलेली एक मुलगी येते, भिंतीला लगदा फासते, काचेच्या इवल्याशा निळ्या चौकोनांची शीट त्यावर ठेवते, हाताने दाबते आणि पुढच्याच क्षणी चकचकीत किचनमध्ये कॉफी पीत उभी असते. शर्टवर एक डाग नाही! हे रील मी कमीत कमी दहा वेळा बघितलं, सेव्ह केलं आणि आईला जाहीर करून टाकलं, "गणपतीच्या आत आपली ओट्यामागची भिंत चकाचक. मिस्त्री वगैरे काही नको, मीच करणार."

आई कणीक मळत होती. तिने मान वर करून एवढंच विचारलं, "तू?"

त्या एका 'तू'मध्ये माझे शाळेतले हस्तकलेचे सगळे मार्क होते.

डोंबिवलीतला आमचा वन बीएचके तीसेक वर्षांचा. ओट्यामागे जेमतेम फूटभर टाइल आणि त्याच्या वर ऑइल पेंट. त्या पेंटवर इतक्या वर्षांच्या फोडण्यांचा इतिहास. ही भिंत बदलायची हे आईचं जुनं स्वप्न आणि 'पुढच्या वर्षी बघू' हे बाबांचं त्याहून जुनं उत्तर. कॉन्ट्रॅक्टरने अख्ख्या किचनचा आकडा सांगितला तेव्हा आम्ही त्याला चहा पाजून निरोप दिला. पण मला नोकरी लागली होती, तिसरा पगार हातात होता आणि भिंत होती फक्त सहा फूट बाय दोन फूट. म्हणजे बारा स्क्वेअर फूट. मोझॅकची एक शीट साधारण एक फूट बाय एक फूट असते. मागे जाळी असते, त्यामुळे ते बारके चौकोन सुटे होत नाहीत. बारा शीट लागणार, तुटफूट धरून चौदा घेतल्या. टाइलचं अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट, दातेरी थापी, स्पंज सगळं मिळून चार हजारांच्या आसपास गेले. वीकेंड प्रोजेक्ट, टाइमलॅप्स व्हिडीओ, स्टेटस, 'वॉव'चा पाऊस. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमचे पाचच भरले.

रात्री दोनला धाडकन आवाज

पाचव्या रात्री दोन वाजता किचनमध्ये धाडकन आवाज आला. आई अर्धवट झोपेत म्हणाली, "मांजर आलं वाटतं." लाइट लावला तर चार शीट ओट्यावर पडलेल्या, काचेचे तुकडे गॅसच्या बर्नरपर्यंत आणि उघड्या राहिलेल्या डाळीच्या डब्यात. उरलेल्या शीटला मी नुसता हात लावला तर त्याही सुटायला लागल्या. गंमत म्हणजे अ‍ॅडहेसिव्हने त्याचं काम चोख केलं होतं. प्रत्येक शीटच्या पाठीला आमचा ऑइल पेंट घट्ट चिकटलेला होता. टाइलने पेंटला सोडलं नव्हतं, पेंटने भिंतीला सोडलं होतं.

मी रडवेली. आई मात्र एक शब्द बोलली नाही. तिने सुपली-झाडू आणला, सगळे तुकडे गोळा केले, धुतले आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले. "असू देत. कधीतरी कामाला येतील." ती डाळ मात्र टाकून द्यावी लागली.

गौरी जेवायला आल्या तेव्हा त्या खपलीवर आम्ही कॅलेंडर लटकवलं होतं.

काकांनी भिंतीला बोलतं केलं

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. सगळं आयुष्य फरशी आणि टाइल बसवण्यात गेलं, आता गुडघ्यांमुळे काम बंद. प्रसादाला वर आले आणि त्यांची नजर थेट कॅलेंडरवर. "सप्टेंबर सुरू झालाय, कॅलेंडर ऑगस्टचंच का?" म्हणत त्यांनी पान उलटायला म्हणून ते उचललं आणि आमचं बिंग फुटलं.

त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि भिंतीवर ठोकत गेले. टण, टण, टण... ठप. पुन्हा टण... ठप, ठप. "ऐकलंस पोरी? जिथे टण वाजतं तिथे गिलावा धरून आहे. ठप वाजतं तिथे आतून सुटलाय, पोकळ झालाय." भिंतीला कान असतात हे माहीत होतं. तिला तोंडही असतं हे त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी सगळ्यात स्वस्त तपासणी सांगितली. पेंट खरवडलेल्या भागावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद करायचा आणि दोन दिवस थांबायचं. प्लास्टिकच्या आत थेंब जमले किंवा त्याखालची भिंत काळपट पडली, तर ओल आतून येतेय. आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच थेंब. भिंतीच्या पलीकडे आमचं बाथरूम, आणि आतल्या पाइपचा सांधा ठिबकत होता. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक!

काका म्हणाले, "तुझ्या टाइल पडल्या ते बरं झालं. टिकल्या असत्या तर?"

हा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. टिकल्या असत्या तर ओल टाइलच्या मागे आरामात पसरली असती. ओट्याच्या वरच मिक्सरचा इलेक्ट्रिक बोर्ड आहे, तिथपर्यंत पोहोचली असती. आणि आम्ही सगळे समोर उभे राहून सेल्फी काढत बसलो असतो. "टाइल म्हणजे पावडर-लाली," काका म्हणाले. "तापाने फणफणलेल्या माणसाला ती फासून ताप उतरतो का?"

मग प्लंबर आला, सांधा बदलला, पोकळ गिलावा काढून नवीन केला. यात टाइलपेक्षा जास्त पैसे गेले आणि ते कुठल्याच रीलमध्ये दिसत नाहीत. वर काकांनी बजावलं, दिवाळी होईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, वाळू दे. पावसाळ्यात हे काम काढणं हीच माझी पहिली चूक होती.

तुकड्यांची मोठी माणसं

मधल्या काळात मी मोझॅकच्या मागेच लागले. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मोझॅक? ते तर आपल्या हॉलमध्ये आहेच की." आजीच्या पिढीसाठी मोझॅक म्हणजे संगमरवराच्या चुऱ्याचे ठिपके असलेली सिमेंटची फरशी. बसवून झाल्यावर मशीनने घासून पॉलिश करायची ती. आजकाल तीच टेराझो नावाने महागड्या कॅफेंमध्ये परत आलीय आणि आपण तिच्यावर बूट ठेवून फोटो काढतो. आणि जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवलेले असतात ना, तो चायना मोझॅक. तो नुसता शोभेचा नसतो. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरची घरं कमी तापतात.

पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी हीच गच्चीवरची युक्ती मोठ्या कामाला लावली. अहमदाबादमधल्या 'संगत' या त्यांच्या स्टुडिओची छपरं अर्धगोलाकार आहेत आणि त्यांवर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक आहे. 2018 मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला गौडीचा तो नागमोडी बाक फोटोत तरी तुम्ही पाहिलाच असेल. तोही फुटक्या टाइलच्या तुकड्यांनी मढवलेला. आणि चंदीगडचे नेकचंद! सरकारी बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर. शहर वसवण्यासाठी जी गावं पाडली, त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबशा, बांगड्या, टाइल गोळा करून कित्येक वर्षं गुपचूप एक अख्खं जग रचत बसले. तेही सरकारी जमिनीवर, परवानगीशिवाय. अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा ते पाडलं जाणारच होतं, पण 1976 मध्ये ते लोकांसाठी उघडलं गेलं. तेच आजचं रॉक गार्डन. पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली.

या सगळ्यांनी तुकडेच का घेतले? नुसतं भंगार स्वस्त म्हणून नाही. मोठी टाइल वाकत नाही. गोल छपरावर, नागमोडी बाकावर ती बसणारच नाही. तुकडा जितका लहान, तितका तो वळणाबरोबर वळतो. आणि हे आपल्यासाठी फार कामाचं आहे, कारण आपल्या फ्लॅटची एक भिंत सरळ असेल तर शपथ! दोन फुटी टाइल लावली की भिंतीचं पोट लगेच दिसतं. मोझॅक ते सांभाळून घेतो. तुमच्या हाताचा नवशिकेपणाही सांभाळून घेतो. एकच गोष्ट तो सांभाळून घेत नाही, ती म्हणजे आतली ओल आणि सुटलेला पाया.

टेक टू

दिवाळीनंतर प्लास्टिकची तपासणी पुन्हा केली. कोरडीठाक. काका खुर्ची टाकून बसले, हात लावणार नाही या अटीवर. मी गॉगल आणि मास्क लावून उरलेला पेंट पत्र्याने खरवडला. गुळगुळीत पेंटवर किंवा हाताला भुकटी लागणाऱ्या डिस्टेंपरवर टाइल धरत नाही, खाली गिलावा दिसायलाच हवा. मग धूळ पुसली, प्रायमर मारला आणि बोर्डजवळ काम करताना मेन स्विच बंद ठेवला.

मोझॅक काचेचा असेल तर अ‍ॅडहेसिव्ह पांढरंच घ्यायचं, राखाडी काचेतून दिसतं आणि रंग मळका वाटतो. मागच्या वेळी मी राखाडी घेतलं होतं आणि माझा निळा समुद्र डोंबिवलीचा नाला झाला होता. लगदा एका वेळी दोन शीटपुरताच लावायचा, नाहीतर वरून सुकून साय धरते. दातेरी थापीने रेघा ओढायच्या, मग त्या जरा दाबून सपाट करायच्या, नाहीतर लगदा सांध्यांतून वर येतो. शीट लावली की सपाट लाकडी ठोकळ्याने हलकेच थोपटायची. दोन शीटमधली फट शीटच्या आतल्या फटीएवढीच ठेवायची, नाहीतर लांबून चौकट दिसते. मग चोवीस तास कुणीही भिंतीला हात लावायचा नाही. बाबांनी लावला.

ग्राउट म्हणजे सांधे भरायचा मसाला. तो आडवातिडवा दाबून भरायचा आणि थोडा घट्ट झाला की ओल्या, पण नीट पिळलेल्या स्पंजने पुसायचा. लवकर पुसला तर सांध्यातून निघून येतो, उशीर केला तर टाइलवर पांढरा थर बसतो. साधं सिमेंटचं ग्राउट हळदीचा डाग पिऊन टाकतं. म्हणून गॅसमागे एपॉक्सी ग्राउट वापरलं. ते महाग असतं आणि भराभर घट्ट होतं, म्हणून थोडंथोडंच कालवलं. आणि हो, स्पंज बादलीत धुवा, सिंकमध्ये नाही. ग्राउट पाइपमध्ये जाऊन बसलं की पुन्हा प्लंबर! ओटा आणि भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन भरायचं. तिथे दोन्ही किंचित हलत असतात, ग्राउटला चीर पडते.

नव्या शीट आठच घेतल्या. उरलेल्या जागेसाठी आईने तो बिस्किटांचा डबा पुढे केला. त्यात पडलेल्या निळ्या काचा होत्याच, वर तिने माळ्यावरून लग्नातल्या सेटच्या दोन तडा गेलेल्या बशा काढल्या. बशी गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायची. तळाचा सपाट भाग घ्यायचा, गोलाई भिंतीवर नीट बसत नाही. प्रत्येक तुकड्याची धार पाण्यात भिजवलेल्या धारेच्या दगडावर घासायची. पुसायला हात फिरवला आणि कापला, असं होता कामा नये. हे तुकडे गॅसपासून लांब, सिंकच्या बाजूच्या पट्टीत लावले.

काय आपण करायचं, काय नाही

एवढं झाल्यावर माझा आत्मविश्वास बाथरूमकडे वळला होता. काकांनी तिथेच थांबवलं. ओट्यामागची भिंत, बाल्कनीतली कुंडी, टेबलाचा टॉप, आरशाची चौकट हे सगळं बिनधास्त स्वतः करा. बिघडलं तर आपलंच बिघडेल. बाथरूमची जमीन मात्र नाही. तिथे टाइलखाली वॉटरप्रूफिंग असतं आणि चुकलं तर पाणी खालच्यांच्या छतातून पडतं. वायरिंग हलवायची असेल तर इलेक्ट्रिशियनच. भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी मालकाला विचारा, कारण मोझॅक काढताना गिलावाही सोबत येतो. तिथे प्लायवर मोझॅक करा आणि ती फ्रेम भिंतीला टेकवून ठेवा. घर बदललं की सोबत नेता येते.

आणि सुरुवातीला एक नाणं घ्या. भिंतीवर वाजवा. ऐका.

आमची भिंत आता पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा काढून उभी आहे. या गणपतीत तिच्यावर कॅलेंडर नव्हतं. उजवीकडची एक शीट किंचित खाली उतरली आहे, अर्ध्या सेंटीमीटरने. मला ती रोज दिसते आणि रोज टोचते. काकांनी सांगितलं होतं, अ‍ॅडहेसिव्ह ओलं आहे तोवर वर सरकव. मी तेव्हा व्हिडीओ काढत होते.

परवा मावशी आली होती. आईने चहा टाकता टाकता बरोबर तिथेच बोट ठेवलं. "ही ओळ वाकडी आहे बघ."

मी हळूच किचनमधून निघायला लागले, तर मागून ऐकू आलं, "सगळी भिंत आमच्या हिने लावलीय."