न दिसणारी जखम

शरीराची जखम दिसते. तिला पट्टी बांधता येते, कागदोपत्री तिची नोंद करता येते. मनाच्या जखमेचे तसे नाही. आणि आम्हां कचेरीतल्या मंडळींना तर रकान्यात न मावणारे दुःख सहसा उमगतच नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले कित्येक धडधाकट शिपाई थरथर कापत. कुणाची वाचा बसे, कुणाची दृष्टी जाई. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली त्याविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द योजिला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदू दुखावत असावा, अशी तेव्हाची समजूत. परंतु गोळा ज्यांच्या जवळपासही फुटला नव्हता त्यांनाही हीच व्यथा जडलेली आढळली, आणि पुढे मायर्सनाच तो शब्द नकोसा झाला. त्याच युद्धात पलायन, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्यातील तीनशेंहून अधिक जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतले आजारी किती होते, हे आता कोण सांगणार? त्यांना क्षमा मिळाली ती २००६ साली!

एडिंबरो येथील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स यांनी निराळी वाट धरली. ‘झाले ते विसरा’ हा उपदेशच घातक ठरतो, हे ओळखून त्यांनी रुग्णांना आठवणी हळूहळू बोलून दाखवावयास लावले.

आपल्याकडेही रजेवर आलेला जवान रात्री दचकून उठला, की घरची माणसे प्रेमाने हाच उपदेश करतात. तोही गप्प राहतो. बढतीची धास्ती असते, लोकलज्जा असते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी ‘टेलि-मानस’चा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. त्या योजनेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी तर २०२२ पासून सर्वांनाच खुला आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येते. फोन निवृत्त हवालदारानेच करावयास हवा असे नाही. त्याच्या पत्नीलाही तो करता येतो.